निवळलेले औषध

'एन्सेफलायटिस' हा शब्द डॉक्टरांनी मला सांगितला नाही. माझ्या मुलीच्या खाटेशी उभे राहून त्यांनी तो भोवती जमलेल्या शिकाऊ डॉक्टरांना इंग्रजीत सांगितला. त्याच वाक्यात पुढे 'सिक्वेली' असाही एक शब्द आला. मग माझ्याकडे वळून ते मराठीत म्हणाले, "बाई, घाबरू नका. ताप उतरतो आहे."

मी देवळीच्या मुलींच्या शाळेत इंग्रजीच शिकवत असे. माझ्या साध्या पातळाकडे पाहून त्यांना तसे वाटले नसावे, आणि ते सांगण्याचा धीर मलाही झाला नाही. एन्सेफलायटिस म्हणजे मेंदूला आलेली सूज. आपण तिला मेंदूज्वर म्हणतो. सिक्वेली म्हणजे आजार ओसरल्यावर शरीरात मागे राहून जाणारी व्यंगे. त्यांच्या इंग्रजी वाक्यात आणि मराठी वाक्यात जे अंतर होते, त्या अंतरातून माझ्या मनात संशय शिरला आणि पुढे कित्येक महिने तिथेच मुक्कामाला राहिला.

ही गोष्ट ऐंशी सालानंतरच्या पहिल्या काही वर्षांतली आहे. मी लेखिका नाही. निवृत्त झाल्यावर, तेही पुष्कळ संकोचाने, हे लिहायला घेतले आहे. ज्यांच्या घरी नळीवर वाढणारे लहान मूल आहे, त्यांना यातून एखादी सावधगिरी मिळाली तर पुरे.

वर्षा तेव्हा चार वर्षांची होत आली होती. आधी साधा ताप, मग उलट्या, मग मान ताठ झाली, आणि शेजारच्या जीपमधून वर्ध्याला नेत असताना वाटेतच तिला पहिली कन्व्हल्शन आली. कन्व्हल्शन म्हणजे झटका: डोळे वर जातात, हातपाय ताठ होऊन हिसके देतात, तोंडाला फेस येतो. ज्यांनी तो आपल्या मुलाच्या अंगात पाहिला आहे, त्यांना वर्णनाची गरज नाही.

ताप खरोखरच उतरला. वर्षाने डोळे उघडले, मला ओळखले, माझे बोट धरले. पण चमच्याने पाजलेले पाणी तिच्या घशातच थांबले आणि ठसका लागून ती निळी पडली. डॉक्टर म्हणाले, "डिस्फेजिया. म्हणजे गिळण्याची क्रिया गेली आहे. परत येऊ शकते. किती दिवसांत, ते सांगता येणार नाही."

'येऊ शकते' हे शब्द मी मनात पुन्हा पुन्हा उलटून पाहिले. ते मराठीत बोलले होते, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला नाही.

तिच्या नाकातून पोटापर्यंत एक बारीक नळी घातली गेली. तिला नेझोगॅस्ट्रिक ट्यूब म्हणतात. वॉर्डात सगळे रायल्स ट्यूब म्हणत. दूध, पेज आणि औषध, सारे त्या नळीतून जायचे. वॉर्डातल्या सिस्टर केरळच्या होत्या आणि त्यांचे हिंदी अतिशय वेगवान होते. त्यांनी मला सर्व शिकवले. आधी सिरिंजने नळीतून थोडे ओढून पाहायचे. पोटातला आंबूस द्रव आला तर नळी जागेवर आहे. मूल उशीला टेकून बसते ठेवायचे. सिरिंजचा दांडा काढून ती नरसाळ्यासारखी धरायची आणि दूध आपल्या वजनाने उतरू द्यायचे, दाबून लोटायचे नाही. शेवटी साध्या पाण्याने नळी धुवायची.

"और एक बात," त्या मला दोनदा बजावून म्हणाल्या, "सब छान के देना. एक कण भी गया तो ट्यूब ब्लॉक. फिर नया डालना पडेगा, बच्ची को फिर तकलीफ."

नळी बदलताना वर्षा कशी ओरडते, ते मी पाहिले होते. तिच्या ओरडण्याला आवाज नसे, नुसते तोंड उघडे आणि डोळ्यांतून पाणी. सगळे गाळून द्यायचे, हे सिस्टरांचे वाक्य मी देवाच्या आज्ञेसारखे घरी आणले.

घरी जाताना झटक्यांचे औषध मिळाले: फेनिटॉइन. ते सस्पेन्शन होते. सस्पेन्शन म्हणजे औषधाची बारीक पूड द्रवात विरघळलेली नसते, नुसती तरंगत ठेवलेली असते. हा अर्थ मला आज सांगता येतो. तेव्हा ते फिकट गुलाबी, जरासे घट्ट औषध होते, एवढेच ठाऊक होते. त्या काळी रुग्णालयात बाटली आपली आपण न्यावी लागे. खिडकीतला कंपाउंडर मोठ्या बरणीतून औषध ओतून देई आणि बाटलीच्या अंगावर कागदाची पट्टी चिकटवून तिला कात्रीने खाचा पाडी. एक खाच म्हणजे एक मात्रा. यापलीकडे त्या बाटलीवर काही लिहिलेले नसे.

यांची बदली आष्टीला झालेली. ते रविवारीच येत. माझी रजा संपत आली तेव्हा माझी आई अल्लीपूरहून आली. आईचे शिक्षण झाले नव्हते, पण तिच्या हाताला विलक्षण स्थैर्य होते. सिरिंज धरायला ती माझ्यापेक्षा लवकर शिकली. सकाळचे औषध मी देऊन शाळेत जाई. दुपारचे आणि संध्याकाळचे आई देई.

नळीकडे मात्र ती नेहमी वाकड्या नजरेने पाही. "नाकातून जेवन! असं कोनी पाह्यलं होतं का? परयोग करून राह्यले थे पोट्टे डॉक्टर."

"आई, गिळता येईपर्यंत दुसरा मार्ग नाही."

"गिळता कसं येईन? तोंडाले कामच नाई तं तोंड इसरून जाईन ना, व माय."

ती असे बोलली की मी सिरिंज धुवायला उठत असे. वाद घालणे मला कधीच जमले नाही.

पहिला संशय मी घेतला तो कंपाउंडरवर. नवी बाटली आणली की पहिल्या काही दिवसांत वर्षाला झटके येत. औषध चालू असताना झटके का यावेत? बाटली कोनाड्यात ठेवलेली असे. उजेडात धरून पाहिली तर वरचा बराचसा भाग पाण्यासारखा निवळ दिसे, आणि तळाशी गुलाबी साका बसलेला. मी शेजारच्या काकूंना दाखवले. त्या म्हणाल्या, "दवाखान्यातलं औषध होय थे. अर्धं पानीच राह्यते. तुमाले मास्तरीन असून मालूम नाई?"

मला ते पटले. पुढच्या वेळी मी खिडकीशी उभी राहून कंपाउंडरचे हात पाहत राहिले. तो बरणी उचलून जोरजोरात हलवी आणि मग ओतून देई. हलवतो म्हणजे पाणी मिसळतो, असे मी धरून चालले. बरणी हलवणारा माणूस खाली बसलेले औषध वर आणत असेल, हा विचार माझ्या मनात आला नाही. "औषध पातळ वाटते," एवढे मी कसेबसे म्हटले. "आमच्याकडे एकच औषध आहे, बाई. पुढे सरका," तो म्हणाला, आणि मागच्याने बाटली पुढे केली.

दुसरा संशय सांगताना आजही माझी लेखणी अडखळते. तो माझ्या आईवर होता.

बाटली संपत येई त्या सुमारास वर्षाला झोप येऊ लागे. मुलांना येते तशी झोप नव्हे. मी शाळेतून परत येई तेव्हा ती उशीवर मान टाकून पडलेली असे. हाक मारली तर पापण्या अर्ध्या उघडत आणि पुन्हा मिटत. बसती केली तर अंग एका बाजूला कलंडे. सकाळी हसून निरोप दिलेले मूल दुपारी असे दिसले की त्याच्या आईच्या मनात काय येते, ते मी लिहीत नाही.

आमच्याकडे कापूस वेचायला जाणाऱ्या बाया लहान पोर घरी झोपून राहावे म्हणून त्याला अफू चाटवत. मोहरीएवढी, नखाच्या टोकावर. मलाही ती मिळाली होती. आई ते सहज सांगे, जशी कानाला तेल घातल्याची गोष्ट सांगावी. "तू मोठी किरकिरी. बोट चाटवलं का दिवसभर गप." मला हसू येत असे. आता ते आठवले आणि हसू आले नाही.

त्यानंतर मी तिच्यावर पाळत ठेवू लागले. शाळेची मधली सुट्टी झाली की मी धावत घरी येई आणि चष्मा विसरले म्हणून सांगे. आई प्रत्येक वेळी वर्षाजवळच असे. कधी तिचे पाय चोळताना, कधी तिच्याशी एकटीच बोलताना: "वर्षी, आज काय खाल्लं वं तुनं? दूध? काल बी दूध. गाईचं वासरू हायेस का तू?" मला पाहून ती थांबे. ती का थांबते, याचाही मला संशय येई.

एकदा ती अंघोळीला गेली असताना मी तिची चंची उघडली. सुपारी आणि अडकित्त्याखाली एक पत्र्याची चपटी डबी होती. डबीत काळा, चिकट लगदा. वास गुळासारखा गोड आणि त्याखाली काहीतरी कडवट. डबी मी होती तशी ठेवली, चंची गुंडाळली, आणि स्वयंपाकघरात जाऊन भाजी चिरत बसले.

आईला विचारणे सोपे होते, असे वाचणाऱ्याला वाटेल. पण विचारले आणि तिने 'हो' म्हटले तर तिला अल्लीपूरला परत पाठवणे भाग होते, आणि मग मुलीजवळ कोणी नव्हते. तिने 'नाही' म्हटले असते तरी माझा विश्वास बसला नसता. यांना सांगितले असते तर ते रागाने काय बोलले असते, तेही मी जाणून होते. म्हणून मी काहीच केले नाही, फक्त पाहत राहिले.

झटक्यांचा दोष मी कंपाउंडरला दिला होता आणि झोपेचा आईला. दोन गोष्टींसाठी माझ्याजवळ दोन आरोपी तयार होते, म्हणून त्या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहण्याची मला कधी गरजच वाटली नाही.

मग तो शनिवार आला. सकाळची शाळा होती. घरी आले तर आई वर्षाचे तोंड पुसत होती. दूध उलटून आले होते. वर्षाचे डोळे उघडे होते, पण बुबुळे आडवी थरथरत होती, जणू ती धावत्या गाडीतून बाहेर पाहते आहे.

"सकाळपासून उठूनच नाई राह्यली," आई म्हणाली. "अन् आता डोळे पाह्य कसे करते."

आम्ही एसटीने वर्ध्याला निघालो. कंडक्टरने पुढची जागा रिकामी करून दिली. वाटेत आई नळीचे बंद केलेले टोक मुठीत घट्ट धरून बसली होती. मी त्या मुठीकडे पाहत होते.

तेच डॉक्टर होते. त्यांनी वर्षाला तपासले, पायाच्या तळव्यांवर नख ओढून पाहिले. उलटीतले दूध श्वासनळीत गेले नाही ना, हे छातीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकले. दूध किंवा औषध असे फुप्फुसात उतरणे याला अ‍ॅस्पिरेशन म्हणतात, आणि नळीवरच्या मुलाला त्याचे फार भय असते. छाती स्वच्छ होती. मग त्यांनी विचारले, "हिला दुसरे काही दिले का? कुठले घरगुती औषध?"

आई माझ्या शेजारीच उभी होती. त्या इमारतीत मी पहिल्यांदाच इंग्रजीत बोलले. मुलीला कोणीतरी अफू देत असावे असा मला संशय आहे, असे मी म्हणाले. नाव घेतले नाही.

डॉक्टरांनी माझ्याकडे क्षणभर पाहिले. मी त्यांचे सगळे बोलणे इतके दिवस समजत होते, हे त्यांच्या ध्यानात आले असावे. मग त्यांनी बॅटरीचा उजेड वर्षाच्या डोळ्यांत टाकला आणि मला जवळ बोलावले. ते मराठीतच बोलले.

"ही बाहुली पाहा. अफू दिली असती तर ही टाचणीच्या टोकाएवढी झाली असती. ही तशी नाही. आणि बुबुळे थरथरतात त्याला निस्टॅग्मस म्हणतात. हे अफूने होत नाही. हे आमच्याच औषधाने होते, जास्त झाले तर."

"पण औषध तर पातळ आहे," मी म्हणाले. "सुरुवातीला तर झटके येतात."

"सुरुवातीला म्हणजे?"

"नवी बाटली आणली की."

त्यांनी बॅटरी खिशात ठेवली. मग म्हणाले, "बाटली आणली आहे का? औषध तुम्ही कसे देता, ते मला इथे करून दाखवा. सांगू नका. करा."

संपत आलेली बाटली आणि नुकतीच भरून आणलेली नवी, दोन्ही पिशवीत होत्या. पिशवी आईजवळ होती. तिने नवी बाटली काढली. ती कशी काढली, ते मी अजून विसरले नाही: दोन्ही हातांनी, न हिंदकळवता, काठोकाठ भरलेले तेल न्यावे तशी. मेजावर ठेवून तिने हात मागे घेतला आणि थांबली.

"थांबलात का?" डॉक्टरांनी विचारले.

"बसू द्या लागते ना, साहेब. गाडीत हालली थे. गाळ वर आला."

"मग?"

"मग गाळ बसला का वरचं वरचं निवळ घेतो. गाळ नळीत जाऊन बसते. सिस्टरबाईनं सांगतलं, एक कन बी जाऊ द्याचा नाई."

पावसाळ्यात आमच्या विहिरीचे पाणी गढूळ येई. आई हंड्यात तुरटी फिरवून ठेवी आणि पाणी निवळेपर्यंत हंड्याला कुणाला हात लावू देत नसे. गाळ म्हणजे घाण आणि वरचे ते स्वच्छ, हे आमच्या घरात कुणाला शिकवावे लागत नव्हते. सिस्टरांनी सांगितले होते दुधाचे आणि पेजेचे. ते आम्ही औषधालाही लावले. आम्ही दोघींनी. सकाळची मात्रा मीही तशीच निवळ देत असे, आणि आईच्या काळजीपूर्वकपणाचे मला कौतुक वाटत असे.

"आणि खालचा गाळ?" डॉक्टरांनी जुनी बाटली उजेडात धरली. "टाकून देता?"

"टाकाचं काऊन? औषध होय ना थे. बाटली सरत आली का पानी घालून विसळतो, अन् पातळ करून देतो. पातळ केलं का नळीत बसत नाई."

डॉक्टर खुर्चीत टेकले. ते रागावले नाहीत. मला वाटते, त्यांना हसावे की डोके धरावे हे कळत नव्हते. त्यांनी नवी बाटली उचलली आणि जोराने हलवली. आईने "अरे, अरे" म्हणत हात पुढे केला. वर जेवढे निवळले होते तेही पाहता पाहता गुलाबी झाले.

"आजी, हा गाळ म्हणजेच औषध आहे. वरचे नुसते पाणी. सुरुवातीला तुम्ही हिला पाणी देत होता म्हणून झटके आले. शेवटी सगळे औषध एकदम दिले म्हणून ही गुंगली. याला टॉक्सिसिटी म्हणतात, औषधाचे विष होणे." मग माझ्याकडे वळून, थोड्या खाली आवाजात ते म्हणाले, "हलवून द्या, असे आम्ही सांगायला हवे होते. ते सर्वांना ठाऊकच असते, असे आम्ही गृहीत धरतो."

वर्षाला दाखल करून घेतले. त्यांनी काही मात्रा वगळल्या. बुबुळांची थरथर ओसरली, मग मान सावरू लागली, मग हाक मारल्यावर ती पाहू लागली. रक्तातले औषधाचे प्रमाण मोजण्याची सोय तेव्हा तिथे नव्हती. डॉक्टर डोळे पाहून ठरवत. औषध पुन्हा सुरू केले तेव्हा हलवण्याची पद्धत, मात्रेच्या आधी आणि नंतर पाण्याने नळी धुण्याची पद्धत, दूध आणि हे औषध यांत अंतर राखण्याची पद्धत, हे सारे त्यांनी आईकडून करून घेतले आणि नंतर माझ्याकडूनही.

मी हे खरे मानले का? लगेच नाही. अफूचा संशय गेला, तरी ती काळ्या लगद्याची डबी गेली नव्हती. व्हरांड्यात आम्ही दोघी डबा खायला बसलो तेव्हा आईनेच विषय काढला. भाकरीचा तुकडा मोडता मोडता ती म्हणाली, "अंग्रेजीत बोलली तं मले समजत नाई का? नाव नाई घेतलं तुनं माहं. पन डोळे माह्याकडंच होते."

मी भाजीचा डबा तिच्यापुढे सरकवला.

"डबी पाह्यली ना तुनं? चंचीची घडी मोडली होती. थे गुडाखू होय. दात घासाचा. तंबाखू अन् गूळ. तू मास्तरीन, तंबाखू पाहून बोलशीन म्हून लपवून ठेवला." आणि मग एकदम तिला हसू फुटले. "पन सांगू का, कमल? मी बी तुह्यावरच शक घेतला होता."

"माझ्यावर?"

"हो ना. म्हनलं, सकाळी शाळेत जाता जाता पोट्टीले झोपेचं काई देऊन जाते. मायले तरास नको म्हून. चष्मा इसरली म्हून रोज येते, पाहाले येते झोपली का नाई झोपली! चष्मा तं तुह्या नाकावरच राहे."

आम्ही दोघी इतक्या हसलो की शेजारच्या खाटेवरच्या मुलाचे वडील बाहेर येऊन पाहून गेले. हसता हसता माझे डोळे वाहू लागले. आईने पदर माझ्या तोंडावर फिरवला, लहानपणी फिरवत असे तसा, जरा जास्तच जोरात.

माझा संशयी स्वभाव त्या दिवशी संपला असे मी म्हणणार नाही. संपलेला नाही. पण एवढे मात्र शिकले, की माणसाच्या तोंडाकडे पाहून संशय घेण्यापेक्षा त्याला म्हणावे, करून दाखव. आणि मग आपणही त्याच्यासमोर करून दाखवावे. ज्यांच्या घरी नळीतून औषध जाते त्यांना माझी हीच विनंती आहे. औषध कोणते आहे, ते हलवायचे की नाही, गोळी कुटून चालते की नाही, दुधाबरोबर द्यायचे की वेगळे, हे प्रत्येक औषधाबद्दल स्वतंत्र विचारा आणि डॉक्टरांसमोर एकदा देऊन दाखवा. आता पद्धती बदलल्या असतील, म्हणून माझ्या सांगण्यावर जाऊ नका. तुमच्या डॉक्टरांना विचारा.

झटके थांबले. पुढच्या उन्हाळ्यात वर्षाने आधी थुंकी गिळली, मग ओल्या बोटाचे पाणी, मग पातळ खीर. प्रत्येक वेळी मी श्वास रोखून ठसक्याची वाट पाहत असे. एके सकाळी डॉक्टरांनी नळी ओढून काढली आणि म्हणाले, "आता औषधही तोंडाने." ते मराठीत बोलले होते, आणि यावेळी मला त्याच्यामागे दुसरे काही शोधावेसे वाटले नाही.

घरी मी बाटली हलवली, मात्रा चमच्यात घेतली आणि तिच्या ओठांशी नेली. इतक्या महिन्यांत शेकडो मात्रा तिच्या पोटात गेल्या होत्या. पाणी असलेल्या आणि विष झालेल्याही. एकीचीही चव तिला कळली नव्हती. एकीलाही नाही म्हणता आले नव्हते. आम्ही जे ओतले ते तिने निमूटपणे पोटात घेतले होते.

तिने चमचा तोंडात घेतला. तिचे तोंड आक्रसले, डोळे मोठे झाले, आणि सगळे औषध तिने फुर्रकन माझ्या पातळावर थुंकले. मग ओठ घट्ट मिटून मान फिरवली.

"थुकली!" आई दारातून ओरडली. "थुकली वं माय, थुकली!"

मी पातळावरचा तो गुलाबी डाग पाहत तशीच बसून राहिले. मग बाटली पुन्हा हलवली, दुसरा चमचा भरला, आणि तिची समजूत घालू लागले.